वाचक विचारतात: हॉवर्ड हॉक्स, कॉमेडी आणि 'स्टार' होण्याची भानगड

मागच्या अंकात हॉवर्ड हॉक्सबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, की हॉलीवूडच्या जुन्या कॉमेडीत हा माणूस सगळ्यांचा बाप आणि तरी आपल्याकडे त्याचं नाव कुणी काढत नाही. बस्स एवढंच, तर पत्रं आणि मेसेजेसचा नुसता ढीग. काही कौतुकाचे, काही सरळ भांडायला आलेले, आणि एकाने तर विचारलंय की इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस सगळ्यात चांगला कुठे मिळतो, त्यांनी कृपया संपादकांना गाठावं. बाकीच्यांसाठी ह्या वेळचं सदर पूर्ण हॉक्सवर. ज्यांना नावच नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: इंडियाना राज्यातल्या गोशेन गावात १८९६ चा जन्म, शिक्षण इंजिनियरिंगचं, मूकपटांपासून सुरुवात करून १९७० पर्यंत सिनेमे काढत राहिला, गँगस्टर, काउबॉय, विमानं, डिटेक्टिव्ह, गाण्यांचा सिनेमा सगळं केलं, १९७७ मध्ये गेला. आणि मधूनमधून कॉमेडी केली, ती अशी की आजही लोक तिच्यावरून शिकतात.

काका, आमचा हौशी ग्रुप गणपतीत फार्स करतोय. दिग्दर्शक सारखा म्हणतो अजून मोठं कर, तोंड वाकडं कर, शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे. मला ते पटत नाही, पण त्याला सांगायला माझ्याकडे मुद्दा नाहीये. हॉक्स काय म्हणाला असता? (रामबाग)

दिग्दर्शकाशी भांडू नका, गणपती तोंडावर आलेत. पण तालमीनंतर चहाच्या वेळी हा किस्सा त्यांच्या कानावर घाला.

१९३८ चा 'ब्रिंगिंग अप बेबी'. नायिका कॅथरीन हेपबर्न, तोवर एक ऑस्कर घेऊन बसलेली, पण असली धुमाकूळ कॉमेडी तिने कधी केली नव्हती. आणि मग ती तेच करायला लागली जे तुमचा दिग्दर्शक सांगतोय, म्हणजे वाक्य म्हणतानाच स्वतः हसायचं, बघा मी कशी गंमत करतेय असा चेहरा. हॉक्सने समजावून पाहिलं की चॅप्लिन, कीटन, हॅरोल्ड लॉईड ह्यांच्याकडे बघ, ही माणसं मजेदार दिसायची धडपड करतच नाहीत, त्यांचं काहीतरी गंभीर काम चाललेलं असतं आणि आपण हसतो. बाईंना काही केल्या जमेना. शेवटी हॉक्सने वॉल्टर कॅटलेट नावाच्या जुन्या रंगभूमीवरच्या विनोदी नटाला बोलावलं, आणि त्याने हेपबर्नचाच सीन सिनेमाचा नायक केरी ग्रँट ह्याच्यासमोर करून दाखवला, अगदी मरणाच्या गांभीर्याने. तिला तिथल्या तिथे कळलं. इतकं कळलं की तिने हॉक्सला सांगितलं, ह्यांना घरी पाठवू नका, इथेच ठेवा. म्हणून त्याच सिनेमात कॅटलेटला गावच्या कॉन्स्टेबलचा रोल मिळाला. जेलचा सीन बघा, हेपबर्न बाई आपण 'बिबट्या टोळी'तल्या खतरनाक बाई आहोत अशी थाप मारतात आणि हा कॉन्स्टेबल ती थाप इतक्या मन लावून ऐकतो की त्याच्या डोळ्यांदेखत ती सटकते. तो एकदाही डोळा मारत नाही, की मला माहितीये हं ही थाप आहे. त्याच्यासाठी ती त्याच्या नोकरीतली सगळ्यात मोठी केस आहे!

त्याच सिनेमातला हॉटेलातला सीन तर दिग्दर्शकाला मोबाइलवर दाखवाच. ग्रँटचा पाय तिच्या झग्यावर पडलेला असतो, ती तरातरा निघून जाते आणि झग्याची मागची बाजू फाटून तिथेच राहते. तिला पत्ताच नाही. आता ह्याने काय करावं? सांगायला जातो तर ती ऐकून घेत नाही, मग आपली उंच टोपी तिच्या मागे धरतो, नंतर टोपीही पुरत नाही म्हणून तिला अगदी चिकटून पावलात पाऊल टाकत दोघं हॉलमधून बाहेर. ग्रँटने तोंड वाकडं केलंय का बघा. नाही. एका बाईची चारचौघांत अब्रू जायला नको एवढंच त्याच्या डोक्यात आहे आणि तो घामाघूम झालाय. म्हणतात ही आयडिया ग्रँटनेच दिली, त्याच्यावर एकदा थिएटरमध्ये जवळपास असाच प्रसंग आला होता.

तेव्हा दिग्दर्शकाला म्हणावं की शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवू या, चेहरा नको. तुमच्या फार्समध्ये जो पलंगाखाली लपतोय त्याला खरोखर लपायचं असू दे. त्याला आपण विनोदी आहोत हे माहीतच नसू दे. रवींद्र नाट्यगृहात मुंबई-पुण्याची नाटकं बघायला जाता ना, तिथे नीट लक्ष द्या, जो नट स्वतःच्या वाक्याला आधीच हसतो त्याला पहिला लाफ्टर मिळतो, दुसरा मिळत नाही.

तुमच्या शिफारशीवरून 'ब्रिंगिंग अप बेबी' पाहिला. कुणी धड बोलतच नाही, बिबट्या, कुत्रा, डायनोसॉरचं हाड, अर्ध्या तासात माझं आणि मिसेसचं डोकं दुखायला लागलं. हा क्लासिक कसा? (सुदामा नगर)

तुम्हाला एक गंमत सांगतो, हॉक्स स्वतः तुमच्या बाजूचा होता. सिनेमा तेव्हा पडला, आरकेओ कंपनीला खोट आली, त्याच वर्षी थिएटरमालकांच्या संघटनेने हेपबर्नला बॉक्स ऑफिसवरचं विष म्हणून टाकलं, आणि हॉक्स पुढे मुलाखतींमध्ये सांगायचा की चूक माझी होती, त्या सिनेमात एकही नॉर्मल माणूस नव्हता, जो भेटेल तो येडा, त्यातून मी खूप शिकलो.

हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. वेडेपणा मोजायला एक शहाणा लागतो. आपल्याकडचं उदाहरण घ्या, 'अशी ही बनवाबनवी', १९८८ चा, तुम्हाला तोंडपाठ असेल. लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन साड्या नेसून वावरतात, अशोक सराफ थापांवर थापा मारतायत, पण सिनेमा उभा कुणावर आहे? लीलाबाई काळभोरांवर, म्हणजे नयनतारा बाईंवर. त्या बिचाऱ्या साध्या, सभ्य, भाडेकरूंची आपुलकीने चौकशी करणाऱ्या, सगळं खरं मानणाऱ्या. त्यांना जर पहिल्या सीनमध्ये संशय आला असता किंवा त्याही तेवढ्याच येड्या असत्या तर पार्वतीच्या लाजण्यावर आपण एवढे लोळलो असतो का? माझ्या मते तरी नाही.

हॉक्सने ही चूक दोनच वर्षांत सुधारली. १९४० च्या 'हिज गर्ल फ्रायडे'मध्ये राल्फ बेलामी आहे, ऑल्बनी गावचा इन्शुरन्सवाला, आई बरोबर, छत्री बरोबर, बोलणं संथ. आपल्या ओळखीत असा एक जावई असतोच. तो आहे म्हणून केरी ग्रँटचा हलकटपणा उठून दिसतो.

पण एक सांगू? हॉक्स स्वतःच्या सिनेमावर जरा जास्तच कडक होता असं माझं मत. पुन्हा एकदा बघा, ह्या वेळी कथा समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका, फक्त ग्रँटकडे बघा. काळ्या फ्रेमचा गोल चष्मा घातलेला तो प्रोफेसर, ज्याला फक्त आपलं हाड हवंय. नॉर्मल माणूस नाहीच असं नाही, तो होता, त्याचं हळूहळू वाटोळं होत जातं.

भिया काका, 'हिज गर्ल फ्रायडे'मध्ये सगळे एकमेकांच्या अंगावर बोलतात, सबटायटल वाचून होईपर्यंत पुढची चार वाक्यं गेलेली असतात. एवढी घाई कशाला? (इंजिनियरिंगचा विद्यार्थी, भंवरकुआ)

घाई मुद्दाम आहे बाबा, आणि तू इंजिनियरिंगवाला आहेस म्हणून त्यातली कारागिरी तुला आवडेल. हॉक्सचं म्हणणं होतं की खऱ्या आयुष्यात माणसं एकमेकांचं वाक्य संपायची वाट बघत नाहीत. रविवारी सकाळी कुठल्याही इंदुरी मराठी घरात पोहे-जलेबीच्या वेळी जाऊन बघ, कोण कुणाचं ऐकतंय! पण सिनेमात दोघं एकदम बोलले तर कामाचा शब्द बुडणार, कथा कळणार नाही. म्हणून त्याने युक्ती केली, वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला दोन-चार बिनकामाचे शब्द चिकटवायचे. म्हणजे समज, 'तो काल पळाला' असं वाक्य असेल तर 'अगं ऐक तरी, तो काल पळाला, सांगतोय काय मी'. आता समोरच्याने 'सांगतोय काय मी'च्या वर आपलं वाक्य सुरू केलं तरी बिघडत नाही, कामाची माहिती मधे सुरक्षित बसलेली आहे. कानाला वाटतं गोंधळ चाललाय, पण डोक्यात सगळं बरोबर पोचतं.

हा सिनेमा मूळचा 'द फ्रंट पेज' नावाच्या १९२८ च्या नाटकावरून, बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर ह्यांचं, त्यात संपादक पुरुष आणि रिपोर्टरही पुरुष. हॉक्सने रिपोर्टरची बाई केली, आणि वर ती संपादकाची घटस्फोटित बायको. एवढ्या एका बदलाने भांडणाला प्रेमाची फोडणी बसली. ते काम रोझलिंड रसेलला मिळालं, आणि तेही आधी कित्येक नट्यांनी नाकारल्यावर, हे तिलाही माहीत होतं. पठ्ठीने काय केलं, स्वतःच्या खिशातून पैसे देऊन एक जाहिरात लिहिणारा गाठला, गुपचूप, आणि त्याच्याकडून आपल्यासाठी जास्तीची खमंग वाक्यं लिहून घ्यायला लागली, कारण हॉक्स सेटवर नटांना आयत्या वेळी काही सुचलं तर बोलू द्यायचा. केरी ग्रँटच्या ते लक्षात आलं. त्याचेही हात काही कमी नव्हते, एका ठिकाणी बेलामीचं वर्णन करताना तो म्हणतो की तो दिसतो सिनेमातल्या त्या नटासारखा, काय त्याचं नाव, राल्फ बेलामी! आणि दुसरीकडे कुणा आर्ची लीचचा उल्लेख करतो, ते ग्रँटचं स्वतःचं खरं नाव.

सबटायटल बंद करून पाहा. पहिली दहा मिनिटं त्रास होईल.

माझी मुलगी बारावीला आहे, तिला अ‍ॅक्टिंगमध्ये जायचंय. नातेवाईक म्हणतात चेहरा चांगला आहे पण तिच्यात 'स्टार क्वालिटी' नाही. हे स्टार क्वालिटी म्हणजे नक्की असतं काय आणि ते नातेवाइकांना कसं दिसतं? (एक आई, तोपखाना)

ताई, नातेवाइकांना सगळंच दिसतं, ते सोडा.

हॉक्सचं ह्यावरचं मत अगदी साधं होतं आणि थोडं निर्दयसुद्धा. तो म्हणायचा कॅमेऱ्याला काही माणसं आवडतात. का आवडतात ते सांगता येत नाही, पण ज्यांच्यावर कॅमेऱ्याचा जीव जडतो त्यांचं काही चुकत नाही. हे ऐकून कुणी हातपाय गाळेल, पण त्याने प्रत्यक्षात काय केलं ते बघितलं तर वेगळंच दिसतं, म्हणजे हा माणूस कॅमेऱ्यावर भरवसा टाकून बसून राहिलेला नाही, चांगला राबलाय.

लॉरेन बकॉलचं उदाहरण. १९४३ मध्ये एका फॅशन मासिकाच्या कव्हरवर तिचा फोटो हॉक्सच्या बायकोने पाहिला आणि नवऱ्याला दाखवला. न्यूयॉर्कची मॉडेल, अठरा वर्षांची, नाव बेटी. आली तर आवाज बारीक, नाकातून येणारा. हॉक्सने सांगितलं आवाज खाली आण. ती गाडी घेऊन टेकडीवर एकटी जायची आणि पुस्तक खालच्या पट्टीत मोठमोठ्याने वाचत बसायची, घसा बसेपर्यंत. पहिल्या शूटिंगला इतकी घाबरलेली की मान थरथरायची. ती थरथर थांबावी म्हणून हनुवटी छातीला टेकवायची आणि डोळे वर करून सिनेमाचा हिरो हम्फ्री बोगार्ट ह्याच्याकडे बघायची. झालं, ह्याच बघण्याला पुढे जगाने नाव दिलं, पोस्टर छापले, लोक वेडे झाले. भीती लपवायला केलेली युक्ती ती! १९४४ मध्ये 'टू हॅव अँड हॅव नॉट' लागला तेव्हा ती नुकतीच वीस वर्षांची झाली होती.

आणि हॉक्सने बोगार्टला आधीच सांगून ठेवलं होतं म्हणे, की पडद्यावर तुझ्याइतका उद्धट कुणी नाही, मी अशी मुलगी आणतोय जी तुझ्यापेक्षा उद्धट असेल. त्याच्या बऱ्याच नायिका तशाच आहेत, रडून काम करून घेणाऱ्या नाहीत, हिरोच्या बरोबरीने टोले देणाऱ्या. बकॉलकडून त्याने 'सुंदर दिस' असं काही मागितलंच नाही, ह्या माणसासमोर दबू नकोस एवढंच मागितलं, आणि बघा, कॉमेडीतही तो नटांकडून हेच मागत होता, मजेदार दिसू नकोस, तुला जे हवंय त्याच्या मागे लाग. मला तरी ह्या दोन्ही गोष्टी एकच वाटतात. जो 'मी स्टार आहे' असं दाखवायला जातो तो आणि जो 'मी विनोदी आहे' असं दाखवायला जातो तो, दोघांनाही कॅमेरा लगेच पकडतो.

आपल्या गावचंच बघा ना. जॉनी वॉकर, खरं नाव बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी, इंदूरचा पोरगा, वडील गिरणीत. गिरणी बंद पडली, घर मुंबईला गेलं, हा बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर. चेहरा हिरोचा अजिबात नाही. बलराज साहनींच्या नजरेत आला, त्यांनी गुरुदत्तकडे पाठवलं, तिथे ह्याने दारुड्याचं सोंग असं वठवलं की १९५१ च्या 'बाजी'त काम मिळालं आणि व्हिस्कीचं नावही, आणि आयुष्यात स्वतः दारूला शिवला नाही. त्याचं चंपीवाल्याचं गाणं बघा 'प्यासा'तलं, तो हसवतोय असं वाटतच नाही, खरोखर गिऱ्हाईक शोधतोय, डोक्याला तेल लावून घ्या म्हणून. त्या काळी आपल्या गल्लीतल्या कुणाला विचारलं असतं की ह्या पोरात स्टार क्वालिटी आहे का, तर काय उत्तर मिळालं असतं?

मुलीला बारावी होऊ द्या आणि तोवर एखाद्या नाटकाच्या ग्रुपमध्ये घाला. मोठ्याने वाचन करायला लावा, मराठी, हिंदी काहीही. फोटोसेशनवर आत्ता पैसे घालू नका.

ऑस्कर किती? (पत्ता नाही)

स्पर्धेतलं एकही नाही. 'सार्जंट यॉर्क'साठी एकदा नॉमिनेशन, ते बक्षीस दिग्दर्शक जॉन फोर्ड घेऊन गेला. १९७५ मध्ये मानद ऑस्कर दिलं, तोवर फ्रान्सचे समीक्षक वीस-बावीस वर्षं त्याच्या नावाचा गजर करून दमले होते.

तुम्ही सांगताय ते बहुतेक किस्से हॉक्सच्याच मुलाखतींतले दिसतात. ह्या थापाड्या माणसावर विश्वास किती ठेवायचा? (निवृत्त प्राध्यापक, ओल्ड पलासिया)

सर, नेमकं बोट ठेवलंत. हॉक्स गप्पिष्ट होता आणि त्याच्या प्रत्येक किस्स्यात शेवटी तोच बरोबर निघतो. हेपबर्नला समजत नाही, हॉक्सला समजतं. कॅरोल लोम्बार्डला १९३४ च्या 'ट्वेंटिएथ सेंचुरी'त जॉन बॅरीमोरसमोर मोकळं होता येत नाही, हॉक्स तिला बाहेर फिरायला नेतो आणि विचारतो, खऱ्या आयुष्यात कुणी पुरुष तुला असं बोलला तर काय करशील, ती म्हणते लाथ घालीन, हा म्हणतो मग बॅरीमोरला घाल की, आणि सीन फुटतो. सुंदर किस्सा, पण त्या फिरण्यात तिसरा कुणी नव्हता.

सगळ्यात मस्त किस्सा जॉन वेनचा. 'रेड रिव्हर', प्रदर्शन १९४८, हॉक्सला एक प्रसंग घालायचा होता, एकाचं बोट दोरात सापडून चिरडतं आणि ते कापावं लागतं, आणि हे सगळं त्याला विनोदी करायचं होतं. वेन म्हणाला, ह्यात हसण्यासारखं काय आहे, मी नाही करणार. हॉक्स म्हणाला ठीक, तुझ्यापेक्षा चांगला नट मिळाला की करीन. चार वर्षांनी 'द बिग स्काय'मध्ये कर्क डग्लसकडून करून घेतला, त्याला दारू पाजून बोट कापतात आणि नंतर ही सगळी मंडळी शेकोटीजवळ कापलेलं बोट शोधत रांगतायत. वेनने तो पाहिला आणि हॉक्सला सांगितलं की पुढच्या वेळी अंत्ययात्रा विनोदी आहे म्हणालास तरी ऐकीन. आता वेन खरंच असं म्हणाला का, कोण जाणे, पण बोटाचा सीन सिनेमात आहे, तो तुम्ही स्वतः बघू शकता, आणि तो हसवतो. माझी कसोटी ही अशी आहे सर, किस्सा हॉक्सचा असला तरी त्याची पावती पडद्यावर मिळते का. हेपबर्नचं काम पडद्यावर आहे, लाथ पडद्यावर आहे, बकॉलची हनुवटी पडद्यावर आहे. 'रेड रिव्हर'मध्येच माँटगोमेरी क्लिफ्टला, जो अंगाने वेनच्या निम्मा, हॉक्सने सांगितलं की ह्याच्यासमोर दांडगाई करायला जाऊ नकोस, हरशील. क्लिफ्ट नुसता शांत उभा राहून बघतो आणि वेनसारखा पहाड अस्वस्थ होतो. वेनला घेऊन आधी इतके सिनेमे केलेला जॉन फोर्डसुद्धा तो सिनेमा पाहून म्हणाला होता की ह्या धटिंगणाला अ‍ॅक्टिंग येते हे मला माहीतच नव्हतं.

एकही पाहिलेला नाही. सुरुवात कुठून करू? (गृहिणी, स्नेहलतागंज)

'हिज गर्ल फ्रायडे'पासून. अमेरिकेत त्याचे हक्क संपलेत म्हणून इंटरनेटवर फुकट आणि सरळ मार्गाने सापडतो, फक्त जरा चांगली प्रिंट शोधा, काही फारच खरवडलेल्या आहेत. तो आवडला तर 'ब्रिंगिंग अप बेबी', मग 'आय वॉज अ मेल वॉर ब्राइड', त्यात केरी ग्रँट फ्रेंच कॅप्टन आहे आणि लष्करी नियमांच्या कचाट्यात सापडून त्याला बाईचा युनिफॉर्म घालावा लागतो, डोक्यावर घोड्याच्या शेपटीचा विग. बाईसारखं चालायचा, लाजायचा तो अजिबात प्रयत्न करत नाही, वैतागलेला पुरुषच राहतो, आणि म्हणूनच बघवतं. बनवाबनवीच्या लगेच नंतर पाहिलात तर अजून मजा, लक्ष्याची पार्वती वेगळ्या रस्त्याने जाते, पण तिलाही आपली साडी पूर्ण खरी वाटत असते. काउबॉय आवडत असतील तर 'रिओ ब्राव्हो', तो मात्र लांब आहे, सुट्टीच्या दुपारी जेवणं आटपून बसा.